दगड तापेपर्यंत

आमच्या ऑफिसात एकच गृहस्थ असे होते की ज्यांना भाषण करायला सांगायची चूक कोणी दुसऱ्यांदा केली नाही.

डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोपासून वीस मिनिटांवर, आमचं डेटा सेंटर होतं. हजारो सर्व्हर दिवसरात्र तापत बसायचे आणि हे गृहस्थ त्यांना थंड ठेवायचे. ते मूळचे ओक्लाहोमातले, तिथल्या एका मूलनिवासी जमातीचे. नोव्हेंबर हा मूलनिवासी वारशाचा महिना. त्या महिन्यात एचआरच्या बाईंनी त्यांना गाठलं आणि आपल्या परंपरेबद्दल चार शब्द बोला अशी गळ घातली. ते उभे राहिले आणि चाळीस मिनिटं दवबिंदूवर बोलले. हवा आपल्यातलं पाणी कोणत्या तापमानाला सोडते, ते पाणी सर्व्हरच्या पाठीवर पडलं तर काय होतं, आणि हॉलचं दार उघडं ठेवून फोनवर बोलणारी माणसं या बाबतीत किती बेजबाबदार असतात. शेवटी बाई म्हणाल्या, "फार प्रेरणादायी." ते म्हणाले, "तीन नंबरच्या हॉलचं दार अजून उघडंच आहे," आणि ते लावायला निघून गेले.

त्यांच्या जमातीचं नाव मी इथे लिहीत नाही. तशी त्यांची अटच होती. "नाव लिहिलंस की लोक पत्ता शोधतात," ते म्हणाले होते, "आणि पत्ता सापडला की योगाची चटई घेऊन येतात."

वय साठीच्या पुढे. टेक्ससच्या ऑगस्टमध्येही अंगात लोकरीचं जाकीट, कारण त्यांचा दिवस थंड हॉलमध्ये जायचा. खिशात दोन थर्मामीटर, आणि विश्वास दोन्हींवर नाही. पाइपला हाताची मागची बाजू लावून ते कोणतं मशीन आठवड्याभरात बंद पडणार ते सांगायचे, आणि ते पडायचं. कंपनीने लाखो डॉलरचं सॉफ्टवेअर आणलं तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला नाही. सॉफ्टवेअर काय म्हणतंय ते रोज सकाळी शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग हात लावून बघायला जायचे. ईमेल आठवड्यातून एकदा उघडायचे, शुक्रवारी दुपारी. त्याआधी ज्याचा जीव जाणार असेल त्याने चालत यावं, असं त्यांचं म्हणणं.

टेबलावर काळा, भोकाभोकांचा एक दगड होता. आमच्या सह्याद्रीतून उचलून आणल्यासारखा. पेपरवेट आहे का, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "नाही. पाहुणे आहेत."

शनिवारी ते गाडी काढून उत्तरेला जायचे, रेड नदी ओलांडून, दोन तासांवर त्यांच्या बहिणीच्या जमिनीवर. तिथे विलो झाडाच्या लवचीक फांद्या वाकवून बांधलेली, माणूस रांगत शिरेल एवढ्या उंचीची एक झोपडी होती. वर जाड घोंगड्या. बाहेर मोठी आग, आगीत दगड. ते दगड लालभडक झाले की आतल्या खड्ड्यात आणून ठेवायचे, दार बंद करायचं, अंधारात दगडांवर पाणी घालायचं. शुद्ध होण्यासाठी, बरं होण्यासाठी त्यांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या वाफेत बसत आलेत. यांचं काम आग राखायचं. पाच दिवस गार करायचं आणि सहाव्या दिवशी तापवायचं, यात त्यांना स्वतःला काही गमतीचं वाटत नसे. "दोन्हीकडे काम एकच आहे," म्हणायचे, "लक्ष ठेवायचं."

हे कळल्यावर आम्ही ऑफिसातल्या चार मराठी माणसांनी त्यांचं नाव बंबवाले काका ठेवलं. आमच्यापैकी दोघांच्याच घरी लहानपणी तांब्याचा बंब होता, पण नाव चिकटलं. एकदा त्यांनीच विचारलं, तुम्ही मला काय म्हणता? मी बंब समजावून सांगितला: मधे नळी, नळीत आग, भोवती पाणी. ते गंभीरपणे ऐकत होते. मग म्हणाले, "नळीचा व्यास किती?" मी अंदाजाने सांगितला. त्यांनी मान डोलावली. नाव मंजूर झालं.

मी स्वभावाने शंकेखोर आहे. बाबा, महाराज, हीलर आणि लिंक्डइनवर स्वतःचं तत्त्वज्ञान मांडणारे व्हाइस प्रेसिडेंट यांच्यात मी फरक करत नाही. त्यामुळे दोन वर्षं मी त्यांना प्रश्न विचारत राहिलो. आत नेमकं काय होतं? घामाने शुद्धी होते म्हणजे काय? याला काही पुरावा आहे का? प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच मिळायचं: "पाणी पिऊन ये."

मला ही टाळाटाळ वाटायची. ती सूचना होती. भरपूर पाणी पिऊन आलेल्या माणसालाच ते आत सोडायचे.

शेवटी एका सप्टेंबरात मी पाणी पिऊन गेलो. तिथे पैसे घेत नाहीत, तंबाखू द्यायची पद्धत आहे. ती मी विकत आणली तेव्हा बायको म्हणाली, "शुद्धीला चाललायस की व्यसनाला?" आमच्या घरात तंबाखू शेवटची दिसली ती आजोबांच्या चंचीत.

आत जाण्यापूर्वी त्यांनी मला एकच नियम सांगितला. "आत जे ऐकशील, ते आतच ठेवून ये." मी मान हलवली. इंजिनियर लोक ज्या सहजतेने अटी न वाचता खाली टिचकी मारतात, त्या सहजतेने.

आत चार फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीनंतर दार उघडतं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा मी रांगत बाहेर आलो. बाहेर पडायलाही हिंमत लागते, असलं काही ते म्हणाले नाहीत. त्यांनी पाण्याचा डबा पुढे केला आणि म्हणाले, "त्या अंगाला बस. धूर इकडे येतोय."

पण त्या दोन फेऱ्यांत मी जे ऐकायचं ते ऐकलं होतं. त्यांचा पुतण्या आत होता. पन्नाशीचा, दारातून आडवाच शिरेल असा, गुरांचे ट्रक चालवणारा. अंधारात बोलायची त्याची पाळी आली तेव्हा तो बोलला आणि रडला. तो रडला एवढं लिहायला त्याची परवानगी आहे. का रडला, ते लिहायची परवानगी मी मागितली नाही.

आता माझ्याबद्दल एक वाईट गोष्ट. मला गोष्टी चांगल्या सांगता येतात. तिथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी आलो की लोक खुर्च्या जवळ ओढतात. त्या दिवाळीत, अध्यक्षांच्या घरी फराळाला, मी ती झोपडी सांगितली. माझं रांगणं सांगितलं, त्याला लोक हसले. मग हशा ओसरायला लागला तसा मी पुतण्या सांगितला. त्याच्या रडण्याची नक्कलही केली. लोक पुन्हा हसले. कोणीतरी माझ्या बशीत आणखी दोन बाकरवड्या टाकल्या.

अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. ते फोनमध्ये काहीतरी टिपून घेत होते.

आमचे अध्यक्ष नागपूरचे, माझ्याच वयाचे, माणूस उत्साही. दिवसा एका बँकेत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, आणि त्या वर्षी ऑनलाइन कोर्स करून लाइफ कोचही झालेले. मार्चमध्ये मंडळाचं पत्रक आलं. 'स्वेदसंस्कार: जिथे प्राचीन भारत आणि प्राचीन अमेरिका भेटतात.' स्थळ, अध्यक्षांचं परसदार. पांढरे कपडे आवश्यक. खाली पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत, एकसारख्या गोट्यांच्या राशीचा फोटो. आणि त्याखाली ठळक अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत: 'सहा फुटी ट्रक ड्रायव्हरलाही जिथे अश्रू आवरले नाहीत.'

मी ते वाचलं आणि स्वतःला समजावलं की हे मंडळाबाहेर कोण वाचणार आहे.

अध्यक्षांनी ते बंबवाले काकांना पाठवलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून या, असं निमंत्रण होतं. त्यांनी ते नेहमीप्रमाणे शुक्रवारी दुपारी उघडलं. कार्यक्रम शनिवारी सकाळी होता.

ते छापील कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले. मला ती ठळक ओळ उलटी सुद्धा वाचता येत होती. मी उठून उभा राहिलो. त्यांनी बोट फोटोवर ठेवलं.

"हे दगड कुठले?"

"बागेचं सामान मिळतं तिथले असतील," मी म्हणालो. "नदीतले."

"फोन कर."

मी अध्यक्षांना फोन लावला, स्पीकरवर. "अरे, उद्या येतायत ना ते?" अध्यक्ष म्हणाले. "शाल, नारळ सगळं रेडी आहे. आणि दगड बघच तू, एकाच साइजचे. तुझ्या वहिनीने एकेक हाताने निवडलाय, देवघरात ठेवावा असा. सोमवारपासून टबमध्ये भिजत घातलेत, गंगाजल टाकून. शुद्ध नको का करायला?"

मी भाषांतर केलं. बंबवाले काकांच्या हातात कायम असणारी पाण्याची बाटली मी त्या दिवशी पहिल्यांदा खाली ठेवलेली पाहिली.

नदीच्या दगडाच्या पोटात पाणी असतं. तो तापला की पाण्याची वाफ होते, वाफेला वाट नसते, आणि दगड फुटतो. म्हणून बंबवाले काका दरवर्षी ओक्लाहोमाच्या पश्चिम टोकाला जाऊन जुन्या लाव्ह्याच्या डोंगरातले कोरडे काळे दगड आणायचे. वाफ निघून जायला त्यांना भोकं असतात. आम्ही त्याच जातीच्या दगडावर वाढलेली माणसं. आमचे किल्ले त्याचे, पाटे-वरवंटे त्याचे. पण शुद्ध म्हटल्यावर आम्हाला पांढरा आणि गुळगुळीत दगड सुचला, आणि तोही आम्ही पाच दिवस पाणी पाजून ठेवला.

"दगड फुटतील," मी फोनवर म्हणालो. "कॅन्सल कर."

"आता कॅन्सल कसं करू यार? पंचवीस लोक येतायत. तू प्लीज निगेटिव्ह बोलू नकोस," अध्यक्ष म्हणाले. "अण्णा पण आलेत नागपूरहून, त्यांना पहिला मान देतोय."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा आग अर्ध्या तासापूर्वीच पेटलेली होती. दगड आत. परसात पंचवीस माणसं नव्याकोऱ्या पांढऱ्या कपड्यांत, घडीच्या रेघा अजून तशाच. प्लास्टिकच्या नळ्यांवर निळी ताडपत्री ताणून तंबू केलेला, त्यावर मंडळाचा बॅनर. आणि आगीपासून चार पावलांवर, सगळ्यांत पुढे, मानाच्या खुर्चीत अध्यक्षांचे वडील. अण्णा पंचाहत्तरीचे, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त, खांद्यावर शाल.

मी ओरडणार होतो. बंबवाले काकांनी माझं मनगट धरलं. ओरडून काय झालं असतं ते आज कळतं: निम्मे लोक काय झालं म्हणून आगीजवळ बघायला गेले असते आणि उरलेल्यांनी फोन काढले असते.

अध्यक्षांनी पुढे येऊन त्यांच्या खांद्यांवर शाल घातली. ती त्यांनी घालू दिली. हातात नारळ दिला. त्यांनी तो हलवून पाहिला आणि मला विचारलं, "यात पाणी आहे?" मी हो म्हणालो. "मग हाही आगीपासून लांब ठेव."

मग त्यांनी हात वर केला. आवाज तोच, पाइपबद्दल बोलायचा. "आधी प्रत्येकाने दोन ग्लास पाणी प्यायचं. घरात जाऊन, खाली बसून. सर्वांत ज्येष्ठ आणि मी पहिले." एवढं बोलून त्यांनी अण्णांना हाताला धरून उठवलं आणि घरात निघाले.

"हे प्रोग्राममध्ये नव्हतं," अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले. पण प्रमुख पाहुणे चालायला लागले होते, आणि प्रमुख पाहुण्यांच्या मागे चालायची आम्हाला सवय आहे. एका मिनिटात परस रिकामं झालं.

पंचवीस माणसं स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत मांडी घालून भक्तिभावाने पाणी पीत होती. वहिनी स्टीलचे ग्लास पुरवत होत्या. दुसरा ग्लास चालू असताना बाहेर पहिला दगड फुटला. मग लागोपाठ दोन.

माझ्या शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "हा शुभसंकेत असतो का हो?" मी तो प्रश्न काकांना विचारला.

"नाही," ते म्हणाले. "ओला दगड."

काचेच्या दारातून अण्णांची खुर्ची दिसत होती. तिच्या पाठीत, छातीच्या उंचीवर, लिंबाएवढं भोक पडलं होतं. अध्यक्ष त्या भोकाकडे बघत राहिले. त्यांच्या हातातला माइक त्यांनी कधी खाली ठेवला ते त्यांनाही कळलं नसावं.

"डोंगराचा घ्यावा लागते बाप्पा," अण्णा म्हणाले. "नदीचा नाही. चाळीस वर्षं रस्ते बांधले मी."

"मग बोलला का नाहीत अण्णा?"

"मले कोणी विचारलं? मले शाल दिली."

पुढचे चार तास बंबवाले काका परसात, आगीपासून दूर, भिंतीच्या आडोशाला जमिनीवर बसून होते. कोणालाही बाहेर येऊ दिलं नाही. आग पाण्याने विझवा, असं कोणीतरी सुचवलं तेव्हा त्यांनी फक्त त्याच्याकडे पाहिलं. तापल्या दगडावर गार पाणी म्हणजे आणखी स्फोट. दुपारी अण्णा साबुदाण्याची खिचडी घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आग तुम्ही लावली नाही, मग तुम्ही का बसता, असं अण्णांनी त्यांना आपल्या सरकारी इंग्रजीत विचारलं. "पेटलेली आहे," ते म्हणाले, "कोणीतरी बसायला हवं." अण्णांना हे पटलं. मग दोघं दगड या विषयावर बोलत राहिले. माझ्या माहितीत, प्राचीन भारत आणि प्राचीन अमेरिका त्या दिवशी भेटले ते तेवढेच.

अध्यक्षांनी ट्रक ड्रायव्हरची ती ओळ त्याच संध्याकाळी पत्रकातून आणि सगळीकडून काढली. खुर्ची मात्र टाकली नाही. गॅरेजमध्ये आहे. लाइफ कोचचं कार्ड त्यानंतर कोणी पाहिलं नाही.

परतताना गाडी मी चालवत होतो. हायवेला लागल्यावर म्हणालो, "मी चूक केली."

"माझ्याकडे नको."

"तुम्ही ती ओळ वाचली होती."

"मला वाचता येतं."

"मग काल काहीच बोलला नाहीत."

"काल दगड आधी होते," ते म्हणाले. "आणि पुतण्या शनिवारी असतो तिथे."

मला तिथे पुन्हा जायचं होतं, हे मला त्या गाडीत कळलं. मी विश्वास ठेवायला लागलो होतो म्हणून नाही. अजूनही मला घामाने शुद्धी होते म्हणजे काय ते सांगता येणार नाही. पण जिथे माणसं कोणी नक्कल करणार नाही या खात्रीने बोलतात अशी एवढी एकच जागा मला ठाऊक होती, आणि ती मी दोन बाकरवड्यांत विकली होती.

पुढच्या शनिवारी पुतण्या लाकडं उतरवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. पत्रकही दाखवलं. त्याने ते वाचून परत दिलं.

"हसले का लोक?"

"हसले."

"तू?"

"मी सगळ्यांत जास्त."

मला वाटलं आता हा मला उचलून रेड नदीच्या पलीकडे टाकणार. त्याने कुऱ्हाड पुढे केली. "ते ओंडके फोडायचेत," म्हणाला, आणि दार उचलून आत गेला.

सात महिने मी बाहेर होतो. दर शनिवारी. लाकडं फोडायची, रचायची, मधे दगड लावायचे, आणि ते तापेपर्यंत वाट बघायची. त्यात घाई चालत नाही. बंबवाले काका शेजारी उभे राहून फारसं काही शिकवायचे नाहीत. एकदा म्हणाले, "आगीकडे बघ, माझ्याकडे नको." एकदा मी फावडं उलटं धरलं तेव्हा म्हणाले, "इंजिनियर," बस एवढंच. मीही हळूहळू दगडाच्या रंगावरून सांगायला लागलो, हा झाला, हा अजून नाही. आतून बोलण्याचा आवाज यायला लागला की ते मला पंचवीस पावलं दूर, झऱ्यावर पाणी आणायला पाठवायचे. डबे भरलेले असले तरी.

बायको म्हणाली, "सात महिने तू तिथे बाहेर उभा राहून करतोस काय?"

"लाकडं फोडतो."

"आणि आपल्या लॉनला माणूस लावलाय."

नोव्हेंबरात, ऑफिसात वारशाच्या महिन्याचा केळ्याचा ब्रेड कापला जात होता त्या आठवड्यात, पुतण्याने झोपडीचं घोंगडं वर धरलं आणि हनुवटीने मला खूण केली. मी काकांकडे पाहिलं. ते आगीकडे बघत होते.

"पाणी प्यायलास?" त्यांनी विचारलं.

मी चारही फेऱ्या बसलो. माझी पाळी आली तेव्हा बोललो. बोलायचं ठरवलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त. नंतर आत बसलेले आम्ही सहा जण आणि काका पेट्रोल पंपाजवळच्या हॉटेलात अंडी आणि अमेरिकन बिस्किटं, म्हणजे मऊ खारे पाव, खायला गेलो. पुतण्याने मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली. बोलणं पावसाबद्दल चाललं होतं.

याला बरीच वर्षं झाली. बंबवाले काका निवृत्त होऊन पश्चिमेला, त्यांच्या दगडांजवळ राहायला गेले. ईमेल आता शुक्रवारीही उघडत नाहीत. मी अमेरिकेच्या पूर्व टोकाला, पार्सिपनीला आलो. मी त्या अंधारात काय बोललो ते पाच माणसांना माहीत आहे, आणि त्यांच्यापैकी कोणीही ते आजवर कुठे सांगितलेलं नाही. याचा माझ्याकडे काही पुरावा नाही. आयुष्यात पुराव्याशिवाय मला खात्री असलेली ही एवढी एकच गोष्ट.

इथल्या मंडळातही माझी कीर्ती पोचली आहे. फराळ झाला की कोणीतरी खुर्ची जवळ ओढतं. "काका, तुम्ही म्हणे त्या झोपडीत बसला होतात. सांगा ना, आत काय होतं?"

मी बशी खाली ठेवतो, घसा साफ करतो, आणि दवबिंदूपासून सुरुवात करतो. आजवर कोणी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.